अकरा भरले, दहा ऐकले

आमच्या घरात आरसा भिंतीवर नसायचा. तो आईच्या गोधडीच्या घडीत असायचा. ज्याला भांग पाडायचा असेल त्यानं तो काढायचा, काम उरकायचं आणि पुन्हा तिथंच ठेवायचा, असा नियम होता. घरामागच्या धानाच्या सात-आठ बांध्या आणि एक नाला ओलांडला की गिट्टीची खदान लागायची, आणि तिथं रोज दुपारी तीनच्या सुमारास सुरुंग उडायचे. लग्नात मिळालेला आरसा आईनं या घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात गमावला होता. दुसऱ्याला तिनं पोटच्या पोरासारखं जपलं. तीन वाजायच्या आधी खदानीतला माणूस लोखंडी पत्रा बडवायचा, मग लांब शिट्टी व्हायची, आणि मग अशी शांतता पसरायची की अंगणातल्या कोंबड्याही माना वर करून थांबायच्या. आई चुलीवरचं भांडं उतरवून ठेवायची, एक हात लोणच्याच्या बरणीवर ठेवायची आणि ओठ हलवत उभी राहायची. ती आवाज मोजायची. तेव्हा वाती पेटवून माणसं पळत सुटायची, आणि वाती मागेपुढे पेटलेल्या असल्यामुळे सुरुंगही एकामागून एक उडायचे. शेवटचा आवाज झाला तरी ती थोडा वेळ तशीच थांबायची, मग भांडं परत चुलीवर चढायचं.

बाबा त्या खदानीत मेट होते. मेट म्हणजे कामगारांवरचा मुकादम, पण नुसता मुकादम नव्हे. होल कुठं घ्यायचे, त्यात बारूद किती भरायची, उडाल्यावर आत कोणी आणि कधी पाऊल ठेवायचं, हे सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. त्यासाठी परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यावं लागतं. संध्याकाळी बाबा घरी येऊन पाय धुवायचे आणि टॉवेल हातात असतानाच विचारायचे, किती ऐकले वो? आई म्हणायची, नऊ. किंवा बारा. खदानीत आवाज दगडावर आपटून परत येतो, एकाचे दोन वाटतात. घरी साफ ऐकू येतं, म्हणून ही चौकशी. जितके भरले तितके ऐकू आले पाहिजेत. एक कमी पडला तर तो दगडाच्या पोटात अजून जिवंत आहे, हे आम्हा घरातल्यांना पाढ्यासारखं ठाऊक होतं. आकडा जुळला की बाबा पाटावर बसायचे आणि मग उकड्या तांदळाचा भात, लाखोरीची डाळ, सुक्या झिंग्यांची चटणी. आईच्या हातच्या कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या असल्या तर बाबा दोन घास जास्त खायचे आणि तसं कबूलही करायचे.

आम्ही कोहळी. आमच्या आधीच्या पिढ्यांनी गावोगाव तलाव बांधले. माझे आजोबा नुसता उतार बघून पाणी कुठं थांबेल ते सांगायचे. बाबांच्या वाट्याला अर्धा एकर आला आणि ते खदानीत गेले, ते आजोबांना शेवटपर्यंत पटलं नाही. आपण पाणी अडवणारी माणसं, तू डोंगर फोडायला कायले गेलास, असं ते जेवताना हटकून विचारायचे आणि बाबा हटकून ताक मागायचे.

बाबा चौथी शिकलेले. मेटची परीक्षा त्यांनी माझ्या जिवावर दिली, असं मी तेव्हा मिरवत असे, आणि ते खोटंही नव्हतं. प्रश्नोत्तरांचं एक पिवळ्या पानांचं पुस्तक होतं. आई सुपात तांदूळ निवडायची, मी चुलीजवळ बसून वाचायचे, बाबा माझ्यामागून म्हणायचे. उडालेल्या होलचं बूड शिल्लक राहिलं असेल तर त्यात पुन्हा ड्रिल लावायचं नाही, कारण तळाशी बारूद उरलेली असू शकते. एखादा सुरुंग उडाला नाही असा संशय आला तर काम थांबवायचं, जागेला वेढा घालायचा, पुढच्या पाळीला सांगायचं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. मी ड्रिल कधी हातात घेतलं नव्हतं. ज्यांच्या हातात ते रोज असायचं, त्यांना हे कोणी असं बसवून म्हणून दाखवलं नव्हतं. बाबा कामावर ओरडून सांगायचे तेवढंच.

खरं तर शिकवायचा कायदा होता. कामगाराला खदानीत उतरवण्याआधी आणि नंतरही अधूनमधून सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचं, कोणाला, कोणत्या दिवशी, काय शिकवलं ते रजिस्टरात लिहायचं. मॅनेजर गोंदियाचा, हिंदीत बोलणारा, माणूस म्हणून वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा. काम बंद ठेवून वर्ग घ्यायला त्याच्याकडे वेळ कधीच नसायचा. ‘मेट साहब, बस कागज पूरा रहना चाहिए,’ असं म्हणून तो ते जाडजूड रजिस्टर बाबांच्या हाती द्यायचा. कामावर हजर होताना कामगारांचे अंगठे कोऱ्या पानांवर खाली घेऊन ठेवलेले असायचे, आणि वरचा मजकूर मागाहून भरला जायचा. तो भरायचे मी. बारावी होऊन घरी बसले होते, कॉलेज गोंदियाला, आणि रोज जायचं कसं याचं उत्तर घरात कोणाकडे नव्हतं. माझं अक्षर सुंदर. अख्ख्या गावाचे अर्ज मी लिहायचे. विशेषतः माझा ल. त्याची शेपटी मी अशी वळवून वर नेत असे की शाळेतल्या गुरुजींनी तो एकदा फळ्यावर काढून दाखवला होता.

त्या फाल्गुनात तपासणी येणार म्हणून रजिस्टर घरी आलं. मी कॅलेंडर पुढ्यात घेतलं आणि तारखा निवडल्या. रविवार टाळले, बाजाराचा दिवस टाळला, शिवरात्र टाळली. मोठी हुशारी केली असं वाटलं. विषयही एकसारखे वाटू नयेत म्हणून मी पिवळ्या पुस्तकातले धडे आलटूनपालटून घातले. ‘जुन्या होलात ड्रिल न करणे’ हा धडा मी माघातल्या एका तारखेला दिला, आणि खाली वीसेक अंगठ्यांपुढे नावं लिहिली. त्यात एक नाव सुकरामचं होतं.

सुकराम ड्रिलर होता. नाल्यापलीकडच्या टोल्यावर, लहानशा वस्तीत राहायचा, गोंड. अंगानं शेलाटा, बोलायला कमी. नाल्याला पूर असला की तो मला खांद्यावर बसवून पलीकडे सोडायचा, म्हणजे मी शाळेत असताना. त्याची बायको फुलवंता आमच्याकडे धान रोवायला यायची.

मोहफुलांच्या दिवसांत, अंगणात चटयांवर फुलं सुकत होती आणि सगळ्या घराला तो गोड, जड वास भरला होता, तेव्हा एका संध्याकाळी बाबांनी नेहमीसारखं विचारलं, किती ऐकले? आई म्हणाली, दहा. बाबांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. त्यांनी अकरा भरले होते. मग ते म्हणाले, ‘दोन संगंच उडाले असतीन.’

‘संगं उडाले तर आवाज मोठा येते,’ आई म्हणाली. ‘मी दहाच ऐकले.’

बाबा पाटावर बसले. क्रशरला दगड कमी पडत होता, रस्त्याचं काम कुठंतरी अडलं होतं, मॅनेजर दिवसभर मागे लागला होता, हे त्यांनी आईला सांगितलं, म्हणजे खरं तर स्वतःलाच सांगितलं. कोचईच्या वड्या होत्या. त्यांनी दुसऱ्यांदा घेतल्या नाहीत. सकाळी ते लवकर गेले, दगडांत फिरून पाहिलं, काही दिसलं नाही. सांगितलं असतं तर काम थांबवावं लागलं असतं. त्यांनी सांगितलं नाही.

साडेनऊच्या सुमारास, जेव्हा कुठलाच आवाज यायला नको, तेव्हा एक आवाज आला. आरसा बाहेरच होता, मी वेणी घालत होते. आई सूप खाली ठेवून उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘अकरावा.’ मग खदानीतून बातमी आली. सुकरामला दगडात होलचं एक तयार तोंड दिसलं होतं. नवीन दगडावर रॉड सुरुवातीला घसरतो, जुन्या होलात तो सहज बसतो, म्हणून सगळेच ड्रिलर तसं करायचे. रॉड जागेवर बसेपर्यंत तो डाव्या हातानं धरावा लागतो. आतली बारूद बरीचशी ओली होती म्हणून जीव वाचला. डावा हात मनगटापासून गेला आणि डावा डोळा गेला. त्याला बाजेवर टाकून, बाज डंपरमध्ये ठेवून गोंदियाला नेलं, तेव्हा तो शुद्धीवर होता आणि बाबांना विचारत होता की आणखी कोणाला लागलं का.

आता मी खाणकामगारांच्या सुरक्षेच्या ज्या वर्गात शिकवते तिथं अंगठा यंत्रावर ठेवायचा असतो. हिरवा दिवा लागतो आणि हजेरी पडते. दरवेळी कोणीतरी सुपरवायझर सुचवतो, मॅडम, आधी सगळ्यांचे अंगठे घेऊन टाकू, मग निवांत शिकवा. मी दर वेळी नाही म्हणते, आणि माझा आवाज गरजेपेक्षा जास्त चढतो. तरुण पोरं एकमेकांकडे बघून हसतात. बाई खडूस आहे, असं त्यांच्यात प्रसिद्ध आहे. असू दे.

अपघातानंतर पंधरा दिवसांनी फुलवंता एक कागद घेऊन आमच्या अंगणात आली. तिला वाचता येत नव्हतं. खदानीनं कळवलं होतं की संबंधित कामगाराला याच विषयाचं प्रशिक्षण अमुक तारखेला दिलेलं असून त्यानं जाणूनबुजून नियम मोडला, सबब भरपाई देण्याची जबाबदारी खदानीवर येत नाही. तिनं तारीख पुन्हा वाचायला सांगितली. मी वाचली. तिनं बोटांवर काही मोजलं.

‘तवा पुनव होती. माघाची,’ ती म्हणाली. ‘त्या दिशी आमी कचारगडले होतो, बाई. दोघंबी. आमचे सारेच तेथं होते, खदान बंद होती ना.’

ते तीन दिवस मला लख्ख आठवले. माघ पौर्णिमेला गोंडांची कचारगडला जत्रा भरते, खदानीतले निम्म्याहून जास्त हात तिकडे जातात, आणि दरवर्षी तीन दिवस सुरुंग उडत नाहीत. त्या तीन दिवसांत आई आरसा भिंतीवर टांगायची. मी त्यात चेहरा पाहिला होता. आणि तरीही कॅलेंडर घेऊन बसले तेव्हा ती जत्रा माझ्या डोक्यात आली नाही, कारण ती आमची नव्हती. आमच्या घरी ती पौर्णिमा म्हणजे नुसती एक तारीख होती. मी शिवरात्र टाळली आणि सुकरामचा देव विसरले.

फुलवंता म्हणाली, ‘तुमचं अक्षर चांगलं हाय, मंदाबाई. साहेबाले एक अर्ज लिवून द्या ना. आमी तेथं नव्हतो म्हनून.’

दाराआड बाबा होते. मला ते दिसत नव्हते, पण त्यांचं श्वास घेणं थांबलेलं मला ऐकू आलं. मी म्हणाले, वयनी, शाई संपली आहे, उद्या ये. ती बरं म्हणाली आणि जाताना मोहफुलांची टोपली उंबऱ्याशी ठेवून गेली. शाईची दौत माझ्या मागे कोनाड्यात भरलेली होती. अर्ज लिहिला तर त्याच अक्षरात लिहावा लागणार, रजिस्टरातल्या अक्षरात. नाही लिहिला तर सुकराम जन्माचा मोडलेला आणि वर दोषी. लिहिला तर बाबा.

संध्याकाळी मॅनेजर जीप घेऊन आला. चौकशीसाठी नागपूरचे साहेब येणार होते. बाबांनी सांगायचं होतं की वर्ग त्यांनीच घेतला, लिहिलंही त्यांनीच, तारखेचं कोण बघतो. ‘लड़की का नाम आया तो केस बनेगा,’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला. त्याला मला धमकवायचं नसावं. त्याला खरंच तसं वाटत होतं आणि ते खरंच तसं होतं. तो गेल्यावर बाबांनी माळ्यावरून माझी जुनी पाटी काढली, पुसली आणि माझ्यासमोर ठेवली. त्यांना माझं अक्षर शिकायचं होतं.

चौकशीआधीच्या त्या तीन दिवसांइतकं लहान घर मी पुढं कधी पाहिलं नाही. अपघातापासून खदान बंद, तीनचा पत्रा नाही, शिट्टी नाही. आई बरणीजवळ सवयीनं उभी राहायची आणि परत फिरायची. बाबा मांडी घालून पाटीवर ल काढायचे. ज्या बोटांनी बारूद डोळे मिटून भरली असती त्यांना ती शेपटी वळवता येईना. ‘तुह्या ल असा वाकडा काऊन?’ ते कुरकुरले. मी म्हणाले, गुरुजींना आवडायचा. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मी त्यांचा हात धरून तो ल गिरवून घेतला, लहान मुलाचा घेतात तसा. बाप मला वाचवण्यासाठी माझा गुन्हा गिरवत होता आणि मी तो त्याला नीट शिकवत होते. मी सुंदर अक्षराचा इतका तिरस्कार आयुष्यात केला नाही.

फुलवंता रोज सकाळी यायची. काही मागायची नाही, मोहाच्या झाडाखाली बसायची. आई तिला ताक द्यायची. तिच्याकडून समजलं की सुकराम दवाखान्यात डावा हात दिसत नाही म्हणून सारखी चादर उचलून बघतो. मला रजिस्टरातलं ते पान दिसायला लागलं. अंगठा डाव्या हाताचा घेतात. सुकरामचा अंगठा आता फक्त त्या पानावर होता, माझ्या अक्षराखाली.

तिसऱ्या दिवशी आईनं माझ्यासमोर पाट मांडला, त्यावर कागद ठेवला, कोनाड्यातली दौत काढून ठेवली. आतल्या खोलीत पाटीवरची पेन्सिल वाजत होती.

‘लिही,’ आई म्हणाली. ‘मी दहा सांगितले होते. माह्यं कोनी ऐकलं नाई. तुह्यं तरी कोनी वाचन.’

आतली पेन्सिल थांबली. मी वाट पाहिली. बाबा ओरडतील, निदान खोकतील, असं वाटलं. काहीच आलं नाही. मी पहिली ओळ उलट्या बाजूला कलवून, अक्षर बदलून लिहिली. ती बघून मला माझीच किळस आली, मी तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर माझ्या अक्षरात, शेपटीच्या ‘ल’सकट, सगळं लिहिलं. फुलवंतानं खाली अंगठा लावला. तो मी मजकूर तिला दोनदा वाचून दाखवल्यानंतर लावून घेतला.

चौकशी खदानीच्या पत्र्याच्या ऑफिसात झाली. अर्ज कोणी लिहिला हे फुलवंतानं सांगितल्यामुळे मलाही बोलावलं होतं. साहेब वयस्कर होते, आवाज न चढवणारे. त्यांनी रजिस्टर उघडलं, शेजारी अर्ज ठेवला आणि बराच वेळ दोन्ही बघत राहिले. मग बाबांना म्हणाले, रजिस्टर तुम्ही लिहिलं ना, मग ही एक ओळ लिहून दाखवा. मॅनेजर टेबलावरचा पेपरवेट फिरवत होता. बाबांनी पेन घेतलं. ‘जुन्या होलात’ एवढं लिहिलं. ल बरा आला होता. शेपटी अगदी वळून वर गेली होती. मला अजूनही तो ल डोळ्यांपुढे येतो, आणि चांगला आला होता हेच सहन होत नाही. बाबांनी तो पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

‘हे अक्षर माह्या पोरीचं हाय, साहेब,’ ते म्हणाले. ‘तेथलंबी अना येथलंबी. तिनं मी सांगितलं तसं लिवलं. शिकवलं मी कोनालेच नाई.’ मॅनेजर काहीतरी बोलायला लागला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ‘अना आदल्या दिशी अकरा भरले होते. घरी दहा ऐकले. मले मालूम होतं.’

बाबांचं सर्टिफिकेट गेलं. त्यांच्यावर आणि मॅनेजरवर खटला चालला, तो किती रेंगाळला ते इथं सांगत बसत नाही. साहेबांनी माझा जबाब घेतला, कानउघाडणी केली आणि माझं वय बघून मला सोडून दिलं. सोडून दिलं, हे शब्द मी सवयीनं लिहिले. सुकरामला त्याची भरपाई मिळाली, उशिरा मिळाली, आणि खदान पुन्हा सुरू झाली तेव्हा फाटकावर चौकीदाराचं काम मिळालं. तो आमच्याशी बोलला नाही. फुलवंता रोवणीला यायची, सुकराम नाल्याच्या अलीकडे यायचा नाही. त्याला कोणी दोष देऊ शकत नव्हतं.

बाबा अर्ध्या एकरावर धान करू लागले. नवा मेट आला, पत्रा पुन्हा वाजू लागला, आई पुन्हा बरणीवर हात ठेवून उभी राहू लागली. पहिल्या दिवशी शेवटचा आवाज झाल्यावर बाबांनी विचारलं, किती? आई म्हणाली, आठ. आणि मग बाबा तसेच बसून राहिले, कारण आज किती भरले होते हे आता त्यांना ठाऊक नव्हतं. आठचं काय करायचं हे त्यांना कळेना. शेवटी ते चपला घालून उठले, बांधीवरून, नाल्यातून खदानीच्या फाटकापर्यंत गेले आणि सुकरामसमोर उभं राहून म्हणाले, आठ ऐकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. कितव्या दिवशी ते मला माहीत नाही, पण एक दिवस सुकरामनं नव्या मेटला विचारून ठेवलं होतं, आणि बाबांनी दहा ऐकले म्हटल्यावर तो म्हणाला, दहाच भरले होते. त्यानंतर वीसेक वर्षं त्या दोघांत रोज एवढंच बोलणं झालं. दोनदा आकडा जुळला नाही. दोन्ही वेळा सुकराम फाटकाला कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचून बसला आणि मेटला काम थांबवावं लागलं.

बाबा गेले ते एका सकाळी, जेवणाआधी. दुपारी घर माणसांनी भरलं होतं, अंगणात बांबू बांधत होते, आयाबायांचं रडणं चाललं होतं. तीनला खदानीत सुरुंग उडाले, ते मला तरी ऐकू आले नाहीत. थोड्या वेळानं गर्दी जरा बाजूला झाली. सुकराम नाला ओलांडून आला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एका डोळ्यानं त्यानं अंगणात ठेवलेल्या बाबांकडे बघितलं, मग आईसमोर येऊन उभा राहिला.

‘आज बारा भरले होते,’ तो म्हणाला.

आईनं पदरानं तोंड पुसलं. ‘बाराच ऐकले,’ ती म्हणाली.